चौकटी कंसाच्या आतलं आणि बाहेरचं: बीबीसी मायक्रोवरचं बेसिक आणि असेंब्ली

‘बीबीसी मायक्रोवर बेसिकच्या ओळींतच असेंब्ली लिहिता येते, म्हणजे दोन्ही एकदमच चालतात.’ कोल्हापुरात जुन्या मशिनांचा नाद असलेली चार डोकी जमली, की हे कानावर पडतंच. (बीबीसी मायक्रो हा 1980च्या दशकातला घरगुती कंप्युटर; असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या सूचना छोट्या नावांनी लिहायची भाषा.) पहिला अर्धा भाग खरा, दुसरा साफ चूक. ‘कोड बरोबर आहे, मशीनच बिघडलंय’ ही तक्रारही बहुतेक वेळा त्या दुसऱ्या भागातूनच निघते.

बेसिक येतं असं धरून चालतो. किरकोळ फरक एका दमात: असेंब्ली चौकटी कंसात लिहायची, लेबलाआधी (म्हणजे उडी मारायच्या जागेच्या नावाआधी) टिंब द्यायचं, शेऱ्याला रेमऐवजी उलटी तिरकी रेघ. 2 मेगाहर्ट्‌झच्या 6502 प्रोसेसरवर मशीन कोड, म्हणजे असेंब्लीपासून बनलेले बाइट, बेसिकच्या कैक पटीनं पळतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. (तरी स्कोअर छापायलाही असेंब्ली लिहिणारे मला कळत नाहीत. तिथं प्रिंट पुरतं.)

खरी मेख वेळेची. बेसिक कंसापाशी पोचतं तेव्हा आतल्या सूचना चालवत नाही. त्यांचे बाइट बनवून पी% या व्हेरिएबलमधल्या पत्त्यापासून मेमरीत मांडतं, बस्स. त्या चालतात नंतर, कॉल म्हटल्यावर. कंसातलं बेसिकचं व्हेरिएबल मांडणीच्या क्षणी वाचलं जातं, आकडा बाइटात बसतो आणि नाव गळून पडतं. उद्यमनगरात ओतकाम झाल्यावर पॅटर्न तासला, म्हणून आधीचं कास्टिंग बदलत नाही, तसंच हे.

करून बघा. एन%=5 ठेवा आणि कंसात क्रमानं लिहा: एलडीएक्स #एन%, मग .लूप, एलडीए #42, जेएसआर 65518, डीईएक्स, बीएनई लूप, आरटीएस. एक्स आणि ए हे प्रोसेसरमधले कप्पे, म्हणजे रजिस्टर: एलडीएक्स आणि एलडीए त्यांत आकडा भरतात, जेएसआर रूटीन बोलावतं, डीईएक्स एक्समधून एक वजा करतं, बीएनई उत्तर शून्य नसेल तर लेबलावर उडी मारतं, आरटीएस बेसिककडे परततं. # म्हणजे पुढचा आकडा तसाच घ्यायचा, पत्ता म्हणून नाही. 42 म्हणजे तारा, 65518 वर अक्षर छापणारी ऑपरेटिंग सिस्टिमची रूटीन. कॉल केलं की पाच तारे. आता एन%=10 टाइप करून पुन्हा कॉल करा. पाचच! लिस्टमध्ये मात्र ‘एलडीएक्स #एन%’ तसंच दिसत असतं, आणि माणूस तिथंच फसतो. लिस्ट दाखवते बेसिकचा मजकूर. कॉल चालवतं मेमरीतले बाइट.

मग कुणीतरी # काढायचा सल्ला देतं. तो आणखी वाईट. एलडीएक्स एन% म्हणजे पत्ता 5 वरचा बाइट, आणि तिथं बेसिकचा स्वतःचा हिशोब असतो. एरर येत नाही. तारे मात्र वाट्टेल तितके.

बरोबर रस्ता असा: कॉल करताना ए%, एक्स%, वाय% यांचा खालचा बाइट बेसिक त्याच नावाच्या रजिस्टरांत भरतं. म्हणून एलडीएक्सची ओळ काढून टाका, एक्स%=10 ठेवा आणि कॉल करा. फक्त एक्स%=0 दिलं तर 256 तारे येतील, कारण शून्य आहे का हे वजाबाकीनंतर तपासलं जातं; आणि 300 दिलं तर 44, कारण वरचा बाइट गळतो. एन% च हवं असेल तर एकाक्षरी पूर्णांक व्हेरिएबलं ठरलेल्या जागी असतात: ए% 1028 वर, पुढचं प्रत्येक 4 बाइट पुढं, म्हणजे एन% 1080 वर. एलडीएक्स 1080, बिनहॅशचं, चालताना ताजा आकडा उचलतं. मला पहिली रीत पसंत. तीनपेक्षा जास्त आकडे पाठवायचे झाले, तर मेमरीतले पत्ते 112 ते 143 हे 32 बाइट वापरणाऱ्यासाठीच मोकळे सोडलेत. तिथं प्रश्नचिन्हानं लिहा:?112=10.

पुढं येणाऱ्या लेबलावर उडी असेल तर मांडणी दोनदा करावी लागते, कारण पहिल्या फेरीत त्या लेबलाचा पत्ता ठाऊक नसतो: फॉर पास%=0 टू 2 स्टेप 2. पी%=कोड% (कोड% म्हणजे कोड जिथून सुरू होतो तो पत्ता) ही ओळ लूपच्या आतच हवी आणि ऑप्ट पास% (मांडताना एरर दाखवायच्या की नाही, हे ऑप्ट ठरवतं) कंसाच्या आत, कारण प्रत्येक नव्या कंसाला ऑप्ट पुन्हा 3 वर जातो. पी% बाहेर ठेवलात तर दुसरी प्रत पहिलीच्या मागं जाऊन बसते आणि कॉल कोड% पहिली, अर्धवट प्रत चालवतं.

तसं होऊन मशीन अडकलं तर एस्केप दाबून उपयोग नाही. एस्केप तपासतं ते बेसिक, तुमचा कोड नव्हे. ब्रेक दाबा, मग ओल्ड टाइप करा. भरकटलेल्या कोडनं प्रोग्रॅमवरच लिहिलं असेल तर ओल्डनंही काही हाती लागत नाही, म्हणून प्रत्येक कॉलआधी सेव्ह करा.