अनावा (ज्यू शिकवणुकीतील नम्रता आणि स्वतःच्या गुणांबद्दलची कृतज्ञता)

‘अनावा’ हा नम्रतेसाठीचा हिब्रू शब्द. गुण नाकारणे किंवा लपवणे असा त्याचा अर्थ नाही. आपल्यात काय आहे हे नीट ठाऊक असावे, पण ते आपल्या मालकीचे समजू नये, ही अनावा. तिच्या जोडीने ‘हकारत हतोव’ येते. शब्दशः अर्थ ‘भले ओळखणे’, म्हणजे कृतज्ञता. मिळालेले ओळखता आले नाही तर आभार कशाचे मानणार? म्हणून या परंपरेत ‘मला काहीच येत नाही’ असे म्हणणाऱ्याला नम्र मानत नाहीत.

तोरामध्ये (ज्यू धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तके) इस्रायली लोकांच्या नेत्याला, मोशेला, पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटले आहे (गणना १२:३). हाच मोशे इजिप्तच्या राजाला, फारोला, तोंडावर सुनावतो, तेव्हा दबून राहणे म्हणजे नम्रता, हा अर्थ मुळातच बाद होतो. कारागिरीबद्दलचा दाखला बसालेलचा. निवासमंडप (उपासनेचा फिरता तंबू) घडवण्यासाठी देवाने त्याला बुद्धी, समज आणि ज्ञान दिले, सोने-रुपे-पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे काम दिले (निर्गम ३१). पुढे (३५:३४) त्याच्या मनात इतरांना शिकवण्याची प्रेरणाही घातली, असे म्हटले आहे. हातची कला जशी मिळालेली, तशी ती शिकवायची बुद्धीही मिळालेलीच. ‘माझ्याच हाताच्या बळाने हे धन मिळाले’ असे म्हणू नकोस, बळ देणाऱ्याची आठवण ठेव, असा इशारा तोराच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (८:१७-१८) आहे. ‘पिर्के आवोत’ या जुन्या नीतिवचनसंग्रहाच्या दुसऱ्या अध्यायात रब्बान योहानान बेन झक्काई हेच विद्येला लावतात: पुष्कळ तोरा शिकला असलास तरी श्रेय घेऊ नकोस, त्यासाठीच तुला घडवले आहे.

याचे सर्वांत नेटके विवेचन इटलीच्या पादुआ शहरातील मोशे हायिम लुझ्झातो यांनी ‘मेसिलात येशारिम’ या ग्रंथात केले (आम्स्टरडॅम, १७४०, प्रकरण २२). पक्षी उडतो, बैल ओढतो, कारण ती त्यांची प्रकृती. बुद्धिमान माणूस शिकतो तोही त्याच्या प्रकृतीनुसारच. तीच देणगी दुसऱ्याला मिळाली असती, तर तोही तितकाच शिकला असता. म्हणून ज्याला जे आले त्याने ते दुसऱ्यांसाठी वापरावे. प्रकरण ११ मध्ये ते एक फसवे रूपही दाखवतात: ‘मी इतका मोठा की मला मानाची गरजच नाही’ अशा भावनेने वाकणारा माणूस. तो बाहेरून नम्र दिसतो, आतून अहंकाराने फुगलेला असतो.

अहंकार किती चालेल, यावर तलमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात (सोटा ५अ) मोजमापाचीच चर्चा आहे. एक मत असे की विद्वानात त्याचा आठव्याचा आठवा हिस्सा, म्हणजे १/६४, असावा. रव नाहमान बार यित्सहाक म्हणतात, तेवढाही नको. मग नेमका आठव्याचा आठवाच का? तोराच्या आठव्या साप्ताहिक पाठाचे आठवे वचन पाहा, असे उत्तर विल्न्याच्या गाओनांच्या (विल्ना शहरातील थोर तोरापंडित) नावे सांगतात. त्या वचनात याकोब म्हणतो, ‘तू केलेल्या सर्व कृपांपुढे मी लहान आहे.’ म्हणजे परवानगी असलेला तो छोटासा वाटाही उपकारांच्या जाणिवेतच मुरवलेला. मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ बहुतेक स्वभावगुणांत मध्यममार्ग सांगतात, अहंकाराबाबत मात्र थेट दुसऱ्या टोकाला जायला सांगतात.

तरीही नम्रतेचा अतिरेक घातक ठरू शकतो. तलमूदच्या गिटिन या भागात (५५ब–५६अ) त्याचा कठोर दाखला आहे. रोमी सम्राटाने यरुशलेमच्या मंदिराला पाठवलेल्या पशूत बार कामत्सा नावाच्या माणसाने वाटेत खोट केली. सत्तेशी वैर नको म्हणून तो अर्पावा, असे विद्वानांना वाटले. रब्बी झखारिया बेन अवकुलास म्हणाले, लोक समजतील की खोट असलेले पशू चालतात. मग बार कामत्साने सम्राटाला जाऊन सांगू नये म्हणून त्याला मारावे का? त्यालाही त्यांनी नकार दिला. निर्णय झालाच नाही, आणि युद्ध ओढवले. रब्बी योहानान यांचा शेरा आहे की या माणसाच्या ‘अनव्हतानुत’ने आपले मंदिर जाळले. अनव्हतानुत हा अनावाचाच सख्खा शब्द. अधिकार हाती असताना ‘मी कोण ठरवणार?’ म्हणणे, हा दोषच.

रोजच्या उपासनेत हे सारे हाताशी येते. डोळे उघडताच म्हणायच्या ‘मोदे अनी’त (स्त्रिया ‘मोदा’ म्हणतात) बारा हिब्रू शब्द आहेत. त्यांत ‘आभारी’ आधी येते, ‘मी’ नंतर. त्यात देवाचे नाव नसल्याने हात धुण्याआधीही ते म्हणता येते. उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, म्हणजे अमिदात, चारदा वाकतात: पहिल्या ब्राखेच्या (स्तुतिवचनाच्या) आरंभी व शेवटी, आणि आभाराच्या ‘मोदीम’ ब्राखेच्या आरंभी व शेवटी. पाठीचे मणके उठून दिसतील इतके, आणि झटकन वाकायचे. उठायचे मात्र सापासारखे, सावकाश, आधी डोके, मग धड. प्रत्येक ब्राखेला वाकू पाहणाऱ्याला तसे करू नकोस असे शिकवतात, कारण नम्रतेचे प्रदर्शनही नको. जुन्या मंदिराच्या काळातला मुख्य याजक मात्र प्रत्येक ब्राखेला वाके, आणि एका मताप्रमाणे राजा एकदा वाकला की शेवटपर्यंत उठत नसे (बेराखोत ३४अ-ब). पद जितके मोठे, तितके वाकणे अधिक.

दुसऱ्याच्या गुणांसाठीही ब्राखा आहे. मोठा तोरापंडित दिसला तर ‘आपल्या ज्ञानातला वाटा ज्याने दिला’, आणि इतर समाजातला विद्वान दिसला तर ‘आपल्या ज्ञानातून ज्याने मर्त्य माणसाला दिले’ असे म्हणायचे. हेवा वाटण्याआधीच तोंडातून आभार निघतात, ही या पद्धतीची खरी ताकद.

सवय लावण्याचे तंत्र मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी ‘हेश्बोन हानेफेश’मध्ये (लेम्बर्ग, १८०८) बेंजामिन फ्रँकलिनच्या पद्धतीवरून दिले. तेरा गुण, आठवड्याला एक. तेरा आठवड्यांची फेरी वर्षातून चारदा. रात्री तक्त्यात त्या दिवसाच्या चुकांची खूण करायची. इस्रायल सलांतर यांच्या मुसार (नैतिक शिस्तीच्या) चळवळीने ते उचलले. पुढे तिच्या शाखांत फाटे फुटले. नोवारदोक शाखेचे विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागत, हसे सोसण्याचा सराव म्हणून. स्लाबोदका शाखेचे नोसोन त्स्वी फिंकेल (१८४९–१९२७) माणसाच्या थोरवीवर भर देत. मूळ शिकवणीला स्लाबोदकाची वाट अधिक जवळची वाटते.

महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजात आभाराचे रूप म्हणजे मलिदा. एलियाहू हनाबी (संदेष्टा एलिया) याच्या नावाने, नवस फेडताना किंवा मंगलप्रसंगी भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची व सुकामेवा कालवून ताटात मांडतात आणि सोबत फळे ठेवतात. ब्राखा सरसकट एकच म्हणून भागत नाही. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. खजूर पहिल्यात मोडतो. केळीचे खोड मात्र झाडाचे धरत नाहीत, म्हणून केळ्याला जमिनीची ब्राखा.