भांड्यांच्या पावडरनं हात लाल झाले, पण अ‍ॅलर्जीच असेल असं नाही

भांडी घासून हात लाल झाले, भेगा पडल्या की घरात लगेच निदान होतं, 'पावडरची अ‍ॅलर्जी आहे'. बहुतेक वेळा ती नुसती जळजळ असते. फेस आणणारी रसायनं कातडीतलं तेल ओढून घेतात आणि खालच्या पेशींना थेट इजा करतात. हे कुणालाही होऊ शकतं. लातूर-बीडकडं बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही, मग पावडर जास्त घेतली जाते आणि कातडीवर माराही वाढतो.

अ‍ॅलर्जी म्हणजे खरं वावडं. त्यात प्रतिकारशक्ती एखादा पदार्थ ओळखून ठेवते आणि पुढं तो चिमूटभर लागला तरी पुरळ उठतो. लिक्विड टिकावं म्हणून घालतात ते मेथिलआयसोथायाझोलिनोन असंच वावडं निर्माण करतं.

प्रयोगशाळेत या दोन्हींच्या चाचण्याही वेगळ्या असतात. जळजळ तपासायला माणसाच्या त्वचेच्या पेशी पातळ पडद्यावर, वरून हवा लागेल अशा वाढवतात. त्यांचे थर चढून वर खऱ्या कातडीसारखा निबर पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा महत्त्वाचा, कारण बशीत एकथरी वाढवलेल्या उघड्या पेशी सौम्य साबणानंही मरतात. रसायन ठरावीक मिनिटं लावून धुतात आणि साधारण ४२ तासांनी पिवळं एमटीटी द्रावण देतात. जिवंत पेशी ते जांभळं करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर रसायन जळजळ करणारं ठरतं.

या कृत्रिम कातडीत प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, त्यामुळं वावडं तिच्यात दिसत नाही. त्यासाठी प्रतिकारशक्तीच्या पेशींसारख्या वागणाऱ्या टीएचपी-१ या रक्तपेशी २४ तास रसायनात ठेवून त्यांच्यावर सीडी८६ आणि सीडी५४ या पेशी जाग्या झाल्याच्या खुणा वाढल्या का ते बघतात. तेवढ्या एका चाचणीवरही निकाल देत नाहीत, इतर चाचण्यांची जोड लागते.

भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या बंद आहेत, हे चांगलंच झालं. पण जळजळीची ही चाचणी एकदाच लावलेल्या रसायनाची आहे. दिवसातून तीनदा भांडी आणि वर धुणं करणाऱ्या बाईचे हात त्यात मोजले जात नाहीत, आणि मला ही उणीव मोठी वाटते. तिनं पावडर कमी करावी, हात नीट धुऊन खोबरेल लावावं. तरीही पुरळ हटेना किंवा मनगटाच्या वर सरकला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडं पॅच टेस्टची चौकशी करावी. त्यात संशयित पदार्थ लावून पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात, आणि एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासतात.