रोमानियन शिव्या: आधी शाप, मग शिवी

रोमानियन शिव्यांचं मूळ शोधत मागे गेलं की शिवीच्या आधी शाप लागतो. वालाकिया आणि मोल्दोवा (ज्यांतून पुढे रोमानिया झाला ती दोन राज्यं) इथले जुने राजे जमीन दान द्यायचे ना, त्या कागदाच्या शेवटी लिहिलेलं असायचं की जो हे दान मोडेल त्याला निकियाच्या जुन्या ख्रिस्ती धर्मसभेतल्या ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो आणि त्याची गत येशूला दगा देणाऱ्या जुडाससारखी होवो. जमिनीच्या भांडणात साक्षीदाराने खरं बोलावं म्हणून चर्चमध्ये शापपत्रही वाचायचे, 'कार्ते दे ब्लेस्तेम'. लोक खरोखर घाबरायचे.

तीच धाटणी आजही रागात ऐकू येते. 'लुआ-ते-आर द्राकुल', म्हणजे सैतान नेवो तुला. द्राक म्हणजे सैतान, मूळ लॅटिन शब्द ड्रॅगनचा, ड्रॅक्युला हे नावही त्यातलंच. पण काही जण सैतानाचं नावच घेत नाहीत, 'उचीगल तोआका' म्हणतात, तोआका म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रार्थनेला बोलवायला बडवतात ती फळी, ती त्याला मारो. मला हे फार आवडतं, शापच त्याचं नाव होऊन बसलाय.

आणि आईवरच्या शिव्या! त्यात आईसोबत देवधर्म ओढतात, 'पाश्तेले मती' म्हणजे सरळ 'तुझ्या आईचा ईस्टर', क्रियापद गाळलेलं पण सगळ्यांना कळतं. ईस्टर, क्रूस, प्रसाद, जे जे पवित्र ते ते शिवीत येतं.

प्रांताप्रांतात फरक पडतो तो मुख्यतः कोणाचं राज्य होतं यावरून. ट्रान्सिल्व्हेनियात वेड्याला 'बोलुंद' म्हणतात, तो हंगेरियन शब्द. दक्षिणेत तुर्कांचा दबदबा, म्हणून हास्यास्पद माणूस 'काराग्योस', तुर्की सावल्यांच्या खेळातला नायक कारागोझ तो हाच. अश्लील बोलण्याला 'मस्कर' म्हणतात, आणि आपली मस्करी त्याच अरबी मुळातून आलीये, हे वाचून मी दोन मिनिटं थांबलेच. पूर्वेला बेसारेबिया (आजच्या मोल्दोवा देशाचा बहुतेक भाग त्यात येतो) १८१२ मध्ये रशियाकडे गेला, तिथे आजही रशियन शिव्या सर्रास मिसळतात. बुखारेस्टच्या गल्लीतल्या बोलीत रोमानी, म्हणजे रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतले, शब्द भरपूर, 'नासोल' म्हणजे एकदम भंगार.

अपमानाची एक ठरलेली रात्रही असायची. ट्रान्सिल्व्हेनिया आणि बनातच्या गावांत, बऱ्याच ठिकाणी लेंटच्या उपासाआधी, पोरं समोरासमोरच्या टेकड्यांवर चढून जाळ पेटवायची आणि एकमेकांना ओरडून विचारायची, अमकीचं लग्न का नाही झालं, तमकीचं सूत अजून कातायचं का राहिलंय. खाली सगळं गाव घरात बसून ऐकायचं, आज आपलं नाव येतंय का.