पार्श्वभूमी : उन्हाळा तिकडचा, जागरण आपलं

यंदा आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं जूनचं पान आत्ताच भरून गेलंय. दूधवाल्याच्या खाड्यांच्या फुल्या काळ्या पेनाने, सामने लाल पेनाने. ११ जून संपून १२ लागली की आपल्या घड्याळात साडेबाराला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना सुरू होईल. त्याच १२ तारखेपासून इंग्लंडमध्ये महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक. २९ जूनला विम्बल्डन. १९ जुलैला फुटबॉलचा अंतिम सामना, तो आपल्याकडे उजाडता सोमवार धरावा लागेल. २३ जुलैपासून ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धा, १५ ऑगस्टपासून नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हॉकीचा विश्वचषक. एकट्या फुटबॉलचेच ४८ संघ आणि १०४ सामने आहेत. इतकी भरगच्च रांग मी तरी फार वर्षांत पाहिलेली नाही, आणि मार्चपासूनच माझ्या अंगात ती भिनली आहे.

पण ‘खेळांचा उन्हाळा’ हा शब्द आपल्याकडे नीट बसत नाही. जूनमध्ये मराठवाड्यात उन्हाळा संपलेला असतो. ७ जूनच्या आसपास मृग निघतो, घरोघरी बियाणाच्या पिशव्या येऊन पडतात, माणसं आभाळाकडे बघत असतात. हा उन्हाळा युरोपचा. तिथे फुटबॉलच्या लीग ऑगस्टला सुरू होऊन मेमध्ये संपतात, म्हणून खेळाडू मोकळे सापडतात ते जून-जुलैत, आणि विश्वचषक तिथेच बसतो. कतारमध्ये त्या महिन्यांत खेळणं अशक्य होतं, म्हणून २०२२ चा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरला न्यावा लागला. इंग्लंडमध्ये क्रिकेटचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, कारण बाकीच्या महिन्यांत तिथे ओल आणि अंधार. १९७५ चा पहिला क्रिकेट विश्वचषक इंग्लंडमध्ये सुरू झाला तो ७ जूनला, म्हणजे बरोबर आपल्या मृगाच्या दिवशी. त्याच दिवशी लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावा करून नाबाद राहिले. आमचे अण्णा अजून सांगतात, ‘त्या वर्षी पेरणी आधी की स्कोअर आधी, हेच कळत नव्हतं.’

आपला स्वतःचा खेळांचा उन्हाळा वेगळा, आणि तो फार जुना आहे. त्यालाही कारण सवडीचंच. ज्वारी काढून झाली, हरभरा-करडई घरात आली, रान मोकळं झालं की माणूसही मोकळा होतो. गुढीपाडव्याला सालगड्यांचं नवं साल ठरतं आणि तिथून पुढे गावोगावच्या जत्रा लागतात. लातूरची सिद्धेश्वराची यात्रा तर महाशिवरात्रीलाच भरते, येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेला. यात्रा म्हटली की कुस्तीचा फड आलाच. सकाळपासून हलगी वाजते. आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, त्यात आठ-दहा वर्षांची पोरं लंगोट सावरत झोंबतात. मग पन्नास, शंभर, हजार असा आकडा चढत जातो आणि दिवस कलताना शेवटची कुस्ती लागते. पंच हातात नोटा धरून फडाला फेरी मारतात, जोड जमत नसली तर गर्दीच ओरडून जोड लावते. तिकीट नाही, खुर्ची नाही, मातीच्या कडेला मांडी घालून बसायचं. मी खेळ बघायला शिकलो तो इथे. पट काढला की एकलंगी मारली हे शेजारचा म्हातारा सांगायचा, आणि चुकीच्या माणसाला टाळ्या वाजवल्या तर डोक्यात टपलीही द्यायचा.

ह्या दोन उन्हाळ्यांची गाठ मराठवाड्यात उशिराने पडली, आणि त्यामागे राजकारण होतं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचं उदाहरण घ्या. ३१ जुलैला भारताचा फुटबॉल संघ, त्यातले बरेचसे खेळाडू अनवाणी, फ्रान्सकडून २-१ असा हरला. १२ ऑगस्टला वेम्बलीवर हॉकी संघाने ब्रिटनला ४-० ने हरवून स्वतंत्र भारताचं पहिलं सुवर्ण जिंकलं. देशभर जल्लोष झाला. मराठवाडा त्या दिवशी भारतात नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, आणि सरहद्दीवरची कितीतरी कुटुंबं घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली होती. आपण भारतात आलो १७ सप्टेंबरला, त्या सुवर्णपदकानंतर छत्तीस दिवसांनी. मला ही गोष्ट शाळेत कुणी अशी जोडून सांगितली नाही. मुक्तिसंग्रामाचा धडा वेगळा होता आणि हॉकीचा वेगळा. मी दोन्ही तारखा पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिल्या तेव्हा बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो.

त्यानंतरही आठ वर्षं आपली राजधानी हैदराबादच होती. त्या शहरात तेव्हा फुटबॉलचा सुवर्णकाळ चालू होता. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हेच भारताचेही प्रशिक्षक होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तीन आठवड्यांनी मेलबर्नचं ऑलिम्पिक सुरू झालं आणि रहीम यांचा संघ तिथे चौथा आला. फुटबॉलमध्ये भारत ऑलिम्पिकला ह्यापेक्षा वर कधी गेला नाही. फुटबॉल हा कोलकाता-गोव्याचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हटलं की मी ही तारीख सांगतो.

मराठवाड्याचा माणूस परदेशातल्या उन्हाळ्यात स्वतः उतरला तो १९७० च्या जुलैत. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ ला महाराष्ट्र केसरी झालेला हा विशीतला मल्ल स्कॉटलंडला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्या स्पर्धेत भारताला पाच सुवर्णं मिळाली, पाचही कुस्तीत. मातीवर वाढलेल्या पोराला तिथे गादीवर खेळायचं होतं. मातीत चीत-पट झाल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही, गादीवर गुण मोजले जातात, वेळ बांधलेली असते. डाव तेच, हिशोब वेगळा. तो हिशोब अंगी बाणवून त्यांनी पुढे मातीतही नाव राखलं, बेळगावात दिल्लीचा नामवंत मल्ल सतपाल याला हरवलं. आमच्या लातूर जिल्ह्यात आजही जुन्या तालमींमध्ये मारुतीच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो दिसतो. खेळ आवडणाऱ्या माणसाला एका गावाचं नाव आयुष्यभर पुरतं असं असतं, माझ्यासाठी ते रामलिंग मुदगड आहे.

बाकी सगळं आधी कानाने आलं. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तो जसदेव सिंग यांच्या हिंदी समालोचनातून. २५ जून १९८३ चंही तसंच. टीव्ही अजून मोजक्याच घरांत होता, ट्रान्झिस्टर मात्र गोठ्यातही टांगलेला असे. भारत १८३ वर आटोपला तेव्हा चावडीवरची निम्मी माणसं उठून गेली होती, हे अण्णा सांगतात. जे उरले त्यांनी मध्यरात्रीच्या सुमाराला वेस्ट इंडिजचा १४० वर शेवट ऐकला. सेल कमजोर झाले होते म्हणून आवाज बारीक करून चार-पाच डोकी एकमेकांना चिकटून बसली होती. उन्हात वाळवलेले सेल दोन तास जास्त चालतात अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक आले आणि १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाने रात्र उलटी केली. युरोपच्या प्रेक्षकांना संध्याकाळी दिसावं म्हणून मेक्सिकोत सामने भर दुपारी बाराला ठेवले होते. आपल्याकडे ते रात्री साडेअकराला लागायचे. २२ जूनला मॅराडोनाने इंग्लंडला केलेले दोन गोल मी शेजारच्या गुरुजींच्या ओसरीवर पाहिले, एक हाताने केलेला आणि एक निम्मं मैदान कापून केलेला. कृष्णधवल पडद्यावर अर्जेंटिनाचा गडद निळा सदरा नुसता काळा दिसत होता. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत अर्जेंटिना हा आपलाच संघ, आणि त्याला चाळीस वर्षं झाली. यंदा पहिला सामना त्याच अझ्टेकावर आहे. तीन विश्वचषकांचे सामने बघणारं ते जगातलं पहिलं मैदान ठरेल.

२००६ साल आठवतं ते भारनियमनामुळे. त्या वर्षांत खेड्यांत दिवस-दिवस वीज नसायची. ९ जुलैला बर्लिनमध्ये इटली-फ्रान्स अंतिम सामना होता. आम्ही चुलत्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून खटाऱ्यात घालून आणली आणि बारा व्होल्टचा छोटा टीव्ही तिला जोडला. चिमटे सैल होते, एकाने ते हाताने दाबून धरायचे, दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचा. फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोकं हाणलं तेव्हा चिमट्यावर माझी पाळी होती. दचकून हात सुटला आणि पडदा गेला. परत चित्र आलं तोवर झिदान मैदानाबाहेर निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना, तेव्हा चुलत्याचं बोलणं खाल्लं, पण त्यानेच विचारलं, ‘जिंकलं कोण?’

१८ एप्रिल २००८ ला आयपीएल सुरू झाली आणि आपल्या खऱ्या उन्हाळ्यावर, म्हणजे चैत्र-वैशाखावर, पहिल्यांदाच बाहेरच्या खेळाने पाय ठेवला. यात्रेतल्या फडावरची गर्दी दिवेलागणीला पातळ व्हायला लागली ती तेव्हापासून, असं मला वाटतं. पण २०१६ चा उन्हाळा वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांवर आणि हिरवळीवर मारायच्या पाण्याचा प्रश्न होता. अंतिम सामना मुंबईऐवजी बेंगळुरूला झाला. पाण्याची बचत त्यातून किती झाली यावर तेव्हा पुष्कळ वाद घातले गेले. माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि आजही आहे: घागरीच्या रांगेत उभं राहून मैदानावरची कारंजी बघवत नाहीत, तो निर्णय योग्यच होता. त्या वर्षी आमच्याकडच्या फडावर माती भिजवायलाही पाणी नव्हतं. यात्रा झाली, कुस्त्या झाल्या नाहीत.

त्याच कोरड्या पट्ट्यातून अविनाश साबळे आला. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा, घर शेतकऱ्याचं, शाळा सहा किलोमीटरवर आणि जायचं पायी किंवा पळत. पुढे महार रेजिमेंट, सियाचीन आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंद वेळ दिली. सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. ह्या शर्यतीतली तिन्ही पदकं १९९८ पासून दर वेळी केनियालाच गेली होती, ती साखळी मांडव्याच्या पोराने तोडली. दोन वर्षांनी पॅरिसला तो ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत धावला, अकरावा आला. त्याच पॅरिसमध्ये २८ ऑगस्टला पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात तिरंगा धरून पुढे चाललेल्या दोघांत नांदेडची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव होती. १९४८ च्या ऑगस्टची आठवण मला त्या रात्री फार आली.

आणि कुस्तीचा धागाही तुटला नव्हता. बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवू लागले. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचाच पठ्ठा. वस्ताद २०११ ला गेले. १२ एप्रिल २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटाचं सुवर्ण जिंकलं आणि ते वस्तादांना अर्पण केलं. एडिंबरापासून अठ्ठेचाळीस वर्षांनी, गुरूचं पदक शिष्याकडे.

म्हणून यंदाच्या यादीतली एक जागा मला सलते. २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्चाचं कारण देऊन २०२३ मध्ये सोडली. ग्लासगोने ती घेतली, पण दहाच खेळांची. कुस्ती नाही, हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, नेमबाजी नाही. कुस्ती याआधीही, १९९०, १९९८ आणि २००६ ला, वगळली गेली होती. पण २०१४ ला ह्याच ग्लासगोमध्ये भारताने कुस्तीत पाच सुवर्णं जिंकली होती, आणि एडिंबरा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. खर्च कमी करायचा हे समजतं. एक गादी आणि दोन माणसं एवढ्यात होणारा खेळ त्या काटकसरीत बसत नाही, हे मात्र मला पटत नाही.

परवा यात्रेतल्या फडावर आमच्या तालमीतल्या वस्तादांशी बोलणं झालं. वय ऐंशीच्या पुढे, एका कानाने कमी ऐकू येतं. मी उत्साहाने जूनपासूनचं सगळं सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘स्कॉटलंडात कुस्ती किती तारखेला हाय?’ मी म्हणालो, या वेळी नाही ठेवली. ते काही बोलले नाहीत. समोर नारळावरची कुस्ती चालली होती, एका पोराने दुसऱ्याचा पट काढला, हलगी चढली. मग म्हणाले, ‘मग हाय कुठं?’ जपानला, नागोयात, आशियाई स्पर्धा, १९ सप्टेंबरपासून. ‘मग ती लिहून ठेव.’

घरी आल्यावर कॅलेंडरची पानं उलटून सप्टेंबर काढला. सतरा तारखेच्या चौकटीत मुक्तिसंग्राम दिन छापलेला होता. दोन घरं पुढे लाल पेनाने गोल केला.