सायकल लेन रिकामी का दिसते?

टोरांटोतल्या ब्लूर स्ट्रीट, यंग स्ट्रीट आणि युनिव्हर्सिटी अव्हेन्यू या तीन रस्त्यांवरच्या सायकल लेन काढून टाकण्याचा कायदा कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताने नोव्हेंबर 2024 मध्ये केला. कारण दिलं वाहतूक कोंडीचं. लोक सायकली घेऊन रस्त्यावर उतरले आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या शहराला हे नवं नाही. 2012 मध्ये जार्व्हिस स्ट्रीटवरचे सायकल लेनचे पट्टे खरवडायला आलेल्या गाडीसमोर माणसं ठाण मांडून बसली होती. तेव्हा महापौर होते रॉब फोर्ड. आता प्रांताचे प्रीमियर (म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे) आहेत त्यांचे थोरले भाऊ डग फोर्ड.

घराणेशाहीचा विषय मोहात पाडणारा आहे, पण सोडून देऊ. या वादात एक तक्रार हमखास येते, आणि टोरांटोतच नाही, सायकल लेन असलेल्या प्रत्येक शहरात येते: तिथे कुणी दिसतच नाही, मग ती जागा गाड्यांना का द्यायची नाही? असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच कुणी दिसत नाही. का दिसत नाही, ही फार मजेदार गोष्ट आहे.

वाहतूकशास्त्राचं मूळ समीकरण शाळेतल्या गणिताइतकं सोपं आहे: प्रवाह = घनता × वेग. प्रवाह म्हणजे एका तासात ठरावीक खांबासमोरून गेलेली वाहनं. घनता म्हणजे वरून एक फोटो काढला तर एका किलोमीटरमध्ये सापडणारी वाहनं. रस्ता किती काम करतोय ते प्रवाहावरून कळतं, पण आपल्या डोळ्यांना दिसते ती घनता.

आता आकडे घालू. समजा शेजारशेजारच्या दोन लेनमधून तासाला बरोबर 500 वाहनं जातात, एकीतून मोटारी आणि दुसरीतून सायकली. मोटारी कोंडीत ताशी 5 किलोमीटरने सरकताहेत, तर त्यांची घनता 500 भागिले 5, म्हणजे किलोमीटरला 100. सायकली ताशी 15 किलोमीटरने चालल्यात, त्यांची घनता साधारण 33. मोटार साडेचार मीटर लांब धरली तर किलोमीटरपैकी 450 मीटर पत्र्याने झाकलेले आहेत. सायकल पावणेदोन-दोन मीटरची, म्हणजे झाकलेली लांबी जेमतेम 60 मीटर. दोन्ही लेनमधून जाणारी वाहनं सारखीच. तरी एक लेन गच्च आणि दुसरी ओसाड.

याच्याही पुढे जाता येतं. कोंडीत अडकलेल्या चालकाला काचेतून सायकल लेनचा समजा 20 मीटरचा तुकडा दिसतो. दोन सायकलींमध्ये सरासरी अंतर आहे 30 मीटर. सायकली यादृच्छिकपणे येत असतील तर त्या तुकड्यात सरासरी 0.67 सायकली असणार, आणि प्वासाँच्या सूत्रानुसार तुकडा पूर्ण रिकामा सापडण्याची शक्यता e (सुमारे 2.718) या संख्येचा उणे 0.67 वा घात, म्हणजे सुमारे 51 टक्के. दर सव्वासात सेकंदांनी एक सायकल जातेय, तरी निम्म्या वेळा मान वळवल्यावर डांबरच दिसणार! सिग्नलमुळे सायकली घोळक्याने येतात, तेव्हा घोळक्यांच्या मधली पोकळी आणखी वाढते आणि नजर रिकामी जाण्याचं प्रमाणही वाढतं. (सूत्राने डोकं गरगरलं असेल तर फक्त 51 टक्के लक्षात ठेवा.)

उलट बाजूही पाहा. 1930 च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी रस्त्याकडेला कॅमेरा लावून घनता आणि वेग यांचं नातं मोजलं. घनता वाढते तसा वेग घटतो. त्यामुळे गुणाकार आधी वाढतो, एका टोकाला पोचतो आणि मग घसरतो. त्या टोकापलीकडचा रस्ता दिसायला भरगच्च असतो, पण पोचवतो कमी माणसं. पूर्ण थांबलेल्या रांगेत घनता सर्वाधिक असते आणि प्रवाह शून्य.

डोळ्यांच्या साक्षीवर टोरांटोतच आणखी एक काम झालं आहे. तिथले डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1999 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की दोन लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी शेजारची लेन जास्त पळतेय असंच वाटतं. आपण इतरांना मागे टाकतो ते झटपट, घोळक्याने. आपल्याला मागे टाकलं जातं ते सावकाश, एकेक करून. त्यामुळे हरण्यात जास्त वेळ जातो. कोंडीतल्या माणसाने दिलेली साक्ष जपूनच घ्यावी.

लेन काढून कोंडी सुटेल का? जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी 2011 मध्ये अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीतून दाखवलं की महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा प्रवासही वाढतो. दोघेही तेव्हा टोरांटो विद्यापीठातच होते, प्रांताच्या विधिमंडळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरीही टोरांटोतून जाणाऱ्या 401 महामार्गाखाली लांबलचक बोगदा खणण्याची घोषणा झालीच. सायकलवाल्यांचीही एक अंधश्रद्धा आहे, की लेन आखली की कोंडी आपोआप विरघळते. तसं होत नाही. जार्व्हिस स्ट्रीटवर मोटारींना गर्दीच्या वेळी दोनेक मिनिटं जास्त लागू लागली होती. प्रश्न त्या दोन मिनिटांच्या बदल्यात काय मिळतं हा आहे.

जुलै 2024 मध्ये ब्लूर स्ट्रीटवर सायकल लेनमध्येच बांधकामाचा राडारोडा भरायची पेटी ठेवलेली होती. ती चुकवायला एक तरुणी मोटारींच्या लेनमध्ये गेली आणि ट्रकखाली सापडली. लेन काढणं म्हणजे सगळ्यांना, सगळ्या लांबीभर, रोज तेच करायला लावणं. सरकारला याची कल्पना नसावी असं म्हणवत नाही, कारण लेन काढल्यामुळे कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर सरकारवर दावा करता येणार नाही, असं कलम त्याच कायद्यात घातलेलं होतं.

30 जुलै 2025 रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी लेन काढण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. सायकल लेन हा मूलभूत हक्क आहे असं ते म्हणाले नाहीत. असलेलं संरक्षण काढल्याने जीव धोक्यात येतो, आणि कोंडी कमी होईल याला पुरावा नाही, सरकारच्या स्वतःच्या तज्ज्ञांचा सल्लाही तसाच आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. सरकारने अपील केलं.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल ट्रॅक काढून रस्ता रुंद करण्याचा निर्णय 2025 मध्येच झाला, तेव्हा इथल्या सायकलस्वारांनीही विरोध केला. पण वरचं समीकरण तिथे जसंच्या तसं लावू नये. तो ट्रॅक नुसता रिकामा दिसत नव्हता, त्याचा प्रवाहही थोडाच होता. ट्रॅक संकुलातच सुरू व्हायचा आणि संकुलातच संपायचा, मध्येच दुचाक्या घुसायच्या. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवर उतरलेल्या माणसाला त्या ट्रॅकपर्यंत सायकलने सुखरूप पोचायचा रस्ता नाही, तर येणार कोण? तुटक ट्रॅकवरची मोजणी त्या तुटकपणाची असते, सायकलच्या मागणीची नव्हे. ब्लूर स्ट्रीटवरच्या लेन पश्चिमेला आणि पूर्वेला कित्येक किलोमीटर सलग जातात.