दुखतोय गुडघा, दोष कण्याचा?

स्कोलिओसिस, म्हणजे वाकडा कणा, असलेल्या माणसाला एक सवय लागते, कुठेही काही दुखलं की पहिला संशय कण्यावर. मलाही होतीच ती. माझ्या कमरेच्या भागात 30 अंशांच्या आसपास वाक आहे, शाळेत असताना सापडलेला, आणि मागच्या वर्षी उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी कोणाला न विचारता ठरवूनच टाकलं की हे कण्यामुळेच. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला, काहीच सापडेना. मग मला उताणं झोपवलं, पाय दुमडून पोटाकडे घेतला आणि मांडी आतल्या बाजूला फिरवली, आणि कळ आली ती बरोब्बर गुडघ्यात! म्हणजे दुखत होता गुडघा आणि बिघडलेला होता खुबा. खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा एकाच मुळातून जातात, त्यामुळे दुखणं नेमकं कुठलं हे ओळखताना मेंदूची गल्लत होते. आता खुबा का बिघडला, तर तिथे कणा येतो, पण सरळ रस्त्याने येत नाही, आणि तो आडवळणाचा रस्ता समजून घेतला की बऱ्याच गोष्टी सुटतात.

आधी थोडक्यात, स्कोलिओसिस म्हणजे काय. कणा डावीउजवीकडे वाकलेला असतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती थोडे पिळलेले पण असतात, हा पीळ फार महत्त्वाचा आहे आणि साध्या एक्स-रेत तो पटकन जाणवत नाही. जॉन कॉब नावाच्या अमेरिकन सर्जननी 1948 मध्ये वाक मोजायची पद्धत मांडली, ती आजही चालते, आणि त्या मापाने 10 अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. साधारण 80 टक्के लोकांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. दप्तर एका खांद्यावर घेतलं, वाकडं बसलं म्हणून हा होत नाही, हे आईवडिलांना परत परत सांगावंसं वाटतं.

आता सांधे. आपण सांधा म्हटलं की गुडघा, खांदा आठवतो, पण कणा स्वतःच सांध्यांनी भरलेला आहे. मणक्यांच्या प्रत्येक जोडीत मागच्या बाजूला दोन छोटे सांधे असतात, फॅसेट जॉइंट म्हणतात त्यांना, आणि छातीच्या भागात बरगड्या मणक्यांना जिथे जोडल्यात तिथे आणखी. कणा एका बाजूला वाकला की आतल्या बाजूच्या फॅसेटवर दाब वाढतो, वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि झीज होते. कमरेतल्या या सांध्यांचं दुखणं कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे उतरतं, त्यामुळे माणूस सांगतो खुबा दुखतो आणि खुब्याचा एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. छातीतला वाक असेल तर बरगड्यांचा पिंजरा एका बाजूला फुगतो, खांद्याचं पातं त्या पिंजऱ्यावरच सरकत असतं, मग हात वर उचलताना दोन खांद्यांची हालचाल सारखी राहत नाही, मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. पण दोन खांदे वरखाली दिसतात म्हणजे खालचा किंवा वरचा दुखणारच असं अजिबात नाही.

कमरेच्या वाकाचं प्रकरण वेगळं, कारण त्याच्या खाली पेल्व्हिस आहे. पेल्व्हिस म्हणजे कंबरेचा हाडांचा पट्टा, त्यावर कणा उभा आणि त्यालाच दोन्ही पाय लटकलेले. तो एका बाजूला वर उचलला गेला की वरच्या बाजूच्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीने नीट झाकला जात नाही, मग तेवढंच वजन कमी जागेवर पडतं. माझा उजवा खुबा हाच. कणा आणि पेल्व्हिस यांच्यामधला एसआय जॉइंट पण यात भरडला जातो, तो दुखला तर कमरेच्या खाली एका बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं.

इथेच एक गोष्ट तपासायला हवी आणि ती बऱ्याचदा राहून जाते. कधीकधी कणा मुळात ठीक असतो पण एक पाय आखूड असल्यामुळे पेल्व्हिस कलतो आणि तोल सांभाळायला कणा वाकतो. माणूस खुर्चीत बसला की पायांचा संबंध संपतो आणि वाक गायब. किंवा उभं असताना आखूड पायाखाली लाकडी ठोकळा ठेवला की सरळ. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पैसे पण लागत नाहीत. पायांत 1 सेंटीमीटर किंवा जास्त फरक असलेल्या लोकांमध्ये आखूड पायाच्या गुडघ्याची झीज जास्त आढळलेली आहे, म्हणजे तिथे गुडघा आणि कणा दोघंही एकाच कारणाने त्रासलेले असतात आणि आपण उगाच एकाला दुसऱ्याचा गुन्हेगार ठरवतो. पण म्हणून स्वतःच्या मनाने बुटात टाच घालू नका, बसल्यावरही न जाणाऱ्या पक्क्या वाकात त्याने तोल आणखी बिघडू शकतो.

वय वाढल्यावर गुडघ्यांचा खरा प्रश्न येतो. मणक्यांमधल्या गाद्या, म्हणजे डिस्क, झिजतात, कमरेची नैसर्गिक आतली कमान सपाट होत जाते आणि धड पुढे झुकायला लागतं. पुढे झुकून तर चालता येत नाही, नजर समोर हवी, मग शरीर काय करतं, पेल्व्हिस मागे फिरवतं आणि गुडघे किंचित दुमडून उभं राहतं. तुम्ही आत्ता उठून गुडघे थोडे वाकवून दोन मिनिटं उभे राहून बघा, मांड्या भरून येतात की नाही. काहींचं आख्खं आयुष्य असं उभं राहण्यात जातं, आणि मांडीचे स्नायू सतत ताणलेले म्हणजे गुडघ्याच्या वाटीवर सतत दाब. म्हणून वयस्कर माणसात बाजूच्या वाकापेक्षा हे पुढे झुकणं जास्त त्रास देतं असं माझं ठाम मत झालंय, आणि ते बघायला बाजूने काढलेला एक्स-रे लागतो, जो पुष्कळदा काढलेलाच नसतो.

आणखी एक मार्ग नसांचा. वाकाच्या आतल्या बाजूला मणक्यांमधली फट अरुंद होते आणि नस दबते, मग सांधा धडधाकट असून दुखतो. चौथ्या कमरेच्या मणक्याची नस दबली तर गुडघ्याच्या आसपास, पाचव्याची दबली तर घोट्याकडे आणि पायाच्या अंगठ्याकडे. सोबत मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल उचलताना कमजोरी असेल तर संशय नसेवर घ्यायचा.

इतकं सगळं वाचून घाबरून जाऊ नका, कारण दुसरी बाजू पण खरी आहे. अमेरिकेत आयोवामध्ये काहीच उपचार न केलेल्या स्कोलिओसिसच्या लोकांना 50 वर्षं पाहिलं गेलं, 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात जुनाट पाठदुखी 61 टक्के लोकांना होती आणि स्कोलिओसिस नसलेल्यांमध्ये 35 टक्के. फरक मोठा आहे, पण दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं थोडं ते मध्यम होतं आणि लोक रोजची कामं करत होते. शिवाय वाक किती अंश यावरून दुखणं किती हे नीट सांगता येत नाही.

आणि अनेक सांधे दुखत असतील, बोटं, कोपर, घोटे, तर कण्याकडून उत्तर मागू नका. सांधे गरजेपेक्षा जास्त लवचिक असणारे लोक असतात, एहलर्स डॅनलॉस किंवा मार्फान सिंड्रोमसारख्या आजारात शरीराला बांधून ठेवणारं ऊतकच सैल असतं, त्यातून स्कोलिओसिस पण होतो आणि सांधेदुखी पण. सांधा सुजलेला, गरम असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर तो वाताचा प्रकार असू शकतो, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा, वाकड्या कण्यामुळे सांधे सुजत नाहीत.

माझ्या खुब्यासाठी फिजिओनी कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचे आणि पोटाचे व्यायाम दिले, चार महिन्यांत गुडघ्यातली कळ जवळपास थांबली, कण्याचा वाक आहे तेवढाच आहे.

एक गोष्ट मात्र मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवा. किशोरवयातल्या नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये पाठ दुखू शकते पण ती मुलाला सहसा रात्री झोपेतून उठवत नाही. रात्री दुखत असेल आणि वेदनाशामक गोळीने लगेच आराम पडत असेल तर मणक्यात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची छोटी, कर्करोग नसलेली गाठ असू शकते, आणि तेव्हा सगळंच उलटं असतं, कणा वाकडा म्हणून दुखत नसतं, दुखतं म्हणून स्नायू आखडून कणा वाकडा झालेला असतो. ती गाठ वेळेत काढली की पुष्कळ मुलांचा कणा आपोआप सरळ होतो.