पुढच्या मंगळवारी येणारा लॅपटॉप

२००४-०५ च्या सुमारास मॅक वापरणाऱ्यांमध्ये एक विनोद चांगलाच रुळला होता : पॉवरबुक जी५ येतोय, पुढच्या मंगळवारी. पॉवरबुक म्हणजे ॲपलचा तेव्हाचा लॅपटॉप आणि जी५ म्हणजे त्यात यावी अशी आस लागलेली नवी प्रोसेसर चिप. ॲपल नवी उत्पादनं बरेचदा मंगळवारी जाहीर करायची, म्हणून मंगळवार. पॉवरबुक जी५ काही आला नाही. पण त्याची वाट इतक्या लोकांनी इतक्या चिवटपणे पाहिली की, नव्या मॉडेलबद्दल तर्क लढवण्याच्या या साऱ्या खेळाचे गुण-अवगुण त्या एका प्रकरणात सापडतात. त्याआधी थोडं मागे जायला हवं. कंपन्या येणाऱ्या मॉडेलबद्दल ब्र का काढत नाहीत, ते तिथे कळतं.

एप्रिल १९८१ मध्ये ॲडम ऑस्बॉर्न यांच्या कंपनीने ऑस्बॉर्न १ बाजारात आणला. वजन ११ किलोच्या आसपास, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर आणि सॉफ्टवेअर त्यातच. मांडीवर घेण्याची गोष्टच नव्हती, पण उचलून नेता यायचा, आणि तेवढ्यावर तो धडाक्यात खपला. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची, एक्झिक्युटिव्हची, वाच्यता झाली. गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला, जुना माल पडून राहिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. निदान सांगितलं तरी असंच जातं. ‘ऑस्बॉर्न परिणाम’ हे नाव तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवलं जातं.

ही गोष्ट जरा जास्तच सोयीची आहे. तोवर केप्रो २ हा तसाच उचलून नेता येणारा प्रतिस्पर्धी आला होता. किंमत तीच, पडदा मात्र नऊ इंची. मार्च १९८३ पासून कॉम्पॅकचा पोर्टेबल मिळू लागला आणि त्यावर आयबीएम पीसीसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर चालत होती. म्हणजे ऑस्बॉर्नचं गिऱ्हाईक नुसतं थांबलं नव्हतं, बरंचसं दुसरीकडे गेलं होतं. पण धडा म्हणून ‘तोंड उघडलं आणि बुडाला’ हीच आवृत्ती टिकली, आणि कंपन्यांनी तीच मनावर घेतली.

सगळ्यांनी मात्र नाही. त्याच १९८३ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज जाहीर केलं आणि प्रत्यक्षात विकायला आणलं नोव्हेंबर १९८५ मध्ये. मधली दोन वर्षं लोक दुसऱ्याकडे जाऊ नयेत, एवढं काम त्या घोषणेने केलं. ‘व्हेपरवेअर’, म्हणजे जाहीर झालेलं पण हाती न येणारं उत्पादन, हा शब्द याच काळात रूढ झाला. तेव्हापासूनचा हिशेब साधा आहे : ज्याच्या गोदामात जुना माल आहे तो गप्प बसतो, आणि ज्याच्याकडे आज विकायला काही नाही तो उद्याबद्दल भरभरून बोलतो. एखादी कंपनी किती आधी आणि किती बोलतेय यावरून ती यांपैकी कुठे उभी आहे, हे बहुतेक वेळा ओळखता येतं.

कंपन्या गप्प झाल्या की कुजबुज वाढणारच. १९८७ साली सुरू झालेल्या ‘मॅकवीक’ साप्ताहिकात ‘मॅक द नाइफ’ या टोपणनावाने एक सदर यायचं. आतली खबर देणाऱ्याला बक्षीस म्हणून चहा-कॉफीचा मग मिळे. लोक गमतीने साप्ताहिकालाच ‘मॅकलीक’ म्हणत. नोकरी पणाला लावायची ती एका मगासाठी, यावरून त्या काळातला उत्साह समजावा. पुढे हे काम इंटरनेटवर गेलं आणि खेळ गंभीर झाला. मॅक मिनी या छोट्या संगणकाची बातमी आधीच फोडल्याबद्दल ॲपलने जानेवारी २००५ मध्ये ‘थिंक सीक्रेट’ या संकेतस्थळावर खटला भरला. २००७ अखेर तडजोड झाली आणि संकेतस्थळ बंद पडलं. दुसऱ्या एका प्रकरणात मात्र कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने मे २००६ मध्ये निकाल दिला की, ऑनलाइन बातमीदारांनाही आपला स्रोत उघड न करण्याचं संरक्षण आहे. ते प्रकरण गिटार वगैरे मॅकला जोडण्याच्या एका खोक्याबद्दलचं होतं. एवढ्याशा वस्तूवरून एवढा मोठा निकाल लागला.

आता जी५. जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवर मॅक जी५ दाखवला. आत आयबीएमचा पॉवरपीसी ९७० प्रोसेसर. बारा महिन्यांत आपण तीन गिगाहर्ट्झला पोहोचू, असं त्यांनी व्यासपीठावरूनच सांगून टाकलं. त्या क्षणी लॅपटॉपवाल्यांचं गणित सुरू झालं : डेस्कटॉपमध्ये आलाय, म्हणजे वर्षभरात पॉवरबुकमध्ये येईल. आधीच्या पिढ्याही लॅपटॉपपर्यंत पोहोचल्या होत्या. जी३ डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हींत एकदमच आला. जी४ आधी डेस्कटॉपमध्ये आला, मग लॅपटॉपमध्ये. त्यामुळे अंदाज अगदीच हवेतला नव्हता.

फक्त कुणी त्या डेस्कटॉपच्या पोटात नीट पाहिलं नाही. ॲल्युमिनियमच्या त्या भल्यामोठ्या खोक्यात नऊ पंखे होते आणि हवा खेळवण्यासाठी आतली जागा चार कप्प्यांत विभागलेली होती. जून २००४ मध्ये तीनऐवजी अडीच गिगाहर्ट्झचं मॉडेल आलं, तेही प्रोसेसरभोवती द्रव फिरवून थंड ठेवावं लागणारं. ज्या चिपला टेबलाखालच्या खोक्यात पाणी पाजावं लागतं, ती एक इंच जाडीच्या लॅपटॉपमध्ये कशी बसणार, हा प्रश्न खरं तर तिथेच मिटला होता. तरी ऑगस्ट २००४ मध्ये आयमॅक जी५ आला आणि आशा पुन्हा पालवली : पडद्यामागच्या एवढ्याशा जागेत मावला, आता पॉवरबुक किती लांब! जानेवारी २००५ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना, जी५ लॅपटॉपमध्ये बसवणं ही उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत बिकट गोष्ट आहे, अशा अर्थाचं स्पष्ट सांगितलं. कंपनीचा माणूस स्वतः सांगत होता. लोकांनी त्याचा अर्थ ‘काम चालू आहे’ असा लावला.

६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी दोन्ही गोष्टी भर सभेत कबूल केल्या. तीन गिगाहर्ट्झ जमलं नाही, पॉवरबुकमध्ये जी५ जमला नाही, आणि म्हणून मॅक इंटेलकडे जाणार. गंमत म्हणजे ही खबरही आधीच फुटली होती. मॅकची कार्यप्रणाली इंटेलच्या चिपवर गुपचूप चालवून पाहिली जातेय, ही बातमी २००२ मध्येच छापून आली होती. घोषणेच्या आदल्या आठवड्यात मोठ्या वृत्तसंस्थांनीही ती दिली. पण वर्षानुवर्षं जी५ ची वाट पाहणाऱ्यांना ती पटेना. जे हवं होतं त्याची खोटी बातमी खरी मानली गेली, आणि जे नको होतं त्याची खरी बातमी अफवा ठरली. जानेवारी २००६ मध्ये पहिला मॅकबुक प्रो आला, इंटेलसकट.

त्यानंतर काही वर्षं तर्काचं काम फारच सोपं झालं. जवळपास सगळ्या लॅपटॉपांत इंटेलच, आणि इंटेलचं वेळापत्रक तर जगजाहीर. ‘टिक-टॉक’ म्हणायचे त्याला : एका वर्षी त्याच आराखड्याचे ट्रान्झिस्टर आणखी बारीक करायचे, पुढच्या वर्षी त्या बारीक ट्रान्झिस्टरांवर नवा आराखडा आणायचा. चिपच्या पिढ्या ओळीने येत गेल्या : सँडी ब्रिज २०११, आयव्ही ब्रिज २०१२, हॅसवेल २०१३. ‘दोन महिने थांब, नवा येतोय’ हा सल्ला कुणीही छातीठोकपणे द्यावा आणि तो खरा ठरावा, असा तो काळ.

मग चक्र अडखळलं. ‘१४ नॅनोमीटर’ या आणखी बारीक ट्रान्झिस्टरांच्या पिढीचा ब्रॉडवेल रखडत २०१४-१५ मध्ये आला. १० नॅनोमीटरचं उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला २०१९ उजाडलं. या रखडपट्टीचे चटके कुठे कुठे बसले, हे वरवर दिसत नाही. २०१६ चा मॅकबुक प्रो आला तेव्हा त्यात १६ जीबीपेक्षा जास्त रॅम का नाही, यावर गदारोळ झाला. कंपनीने कंजूषपणा केला, असंच बहुतेकांचं मत. प्रत्यक्षात त्या पिढीच्या इंटेल चिपला कमी वीज खाणारी एलपीडीडीआर४ रॅम चालतच नव्हती. जुन्या एलपीडीडीआर३ मध्ये १६ च्या पुढे जाता येईना, आणि डेस्कटॉपची साधी रॅम घातली असती तर बॅटरी लवकर संपली असती. २०१८ मध्ये ३२ जीबी मिळाली ती साधी डीडीआर४ वापरून आणि बॅटरी मोठी करून. लोक ॲपलच्या घोषणेकडे डोळे लावून बसले होते. अडलेलं होतं इंटेलच्या कारखान्यात.

एव्हाना सुगावा लागण्याचे मार्गही बदलले होते. एका मगासाठी खबर देणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. सरकारी कागद आणि कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरच बोलू लागलं. वायरलेस यंत्र विकण्याआधी अनेक देशांत नोंदणी लागते. रशियासह काही देशांच्या युरेशियन आर्थिक आयोगाच्या नोंदवहीत तर बाजारात न आलेल्या मॅकचे मॉडेल क्रमांक दिसतात. तिथे ‘ए२४४२’ आणि ‘ए२४८५’ एवढंच लिहिलेलं; ना पडद्याचा आकार, ना किंमत, ना तारीख. तेवढ्या दोन ओळींवर लोकांनी पानंच्या पानं भरली. क्रोमबुकचं तर सगळं उघड्यावरच चालतं : त्याची कार्यप्रणाली ज्यावर बेतलेली आहे त्या क्रोमियमचा कोड कुणालाही वाचता येतो, त्यामुळे ‘ईव्ह’ या सांकेतिक नावाचं यंत्र तिथे वावरताना लोकांनी आधीच हेरलं होतं. २०१७ मध्ये ते गूगलचं पिक्सेलबुक म्हणून समोर आलं. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातही, म्हणजे कर्नलमध्येही, चिप कंपन्यांना आपल्या येणाऱ्या चिपसाठी आधीच कोड द्यावा लागतो, आणि तिथे लपवाछपवीला फारसा वाव नसतो.

२०२१ च्या मॅकबुक प्रोइतकी आधीच उघडी पडलेली यंत्रं थोडी असतील. एप्रिलमध्ये क्वांटा या उत्पादक कंपनीचे आराखडे खंडणीखोर हॅकरांनी चोरले आणि ॲपलच्या कार्यक्रमाच्या दिवशीच त्यातले काही जाहीर केले. मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारा चार्जर) परत येणार, एचडीएमआय परत येणार, एसडी कार्डची खाच परत येणार, हे सगळं रेखाटनांत होतं. ऑक्टोबरात ते जसंच्या तसं आलं.

तरीही एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. सप्टेंबरमध्ये कार्यप्रणालीच्या चाचणी आवृत्तीत दोन आकडे सापडले : ३०२४ बाय १९६४ आणि ३४५६ बाय २२३४. मॅकबुक प्रोचा पडदा वर्षानुवर्षं १६:१० या प्रमाणातला. त्या हिशेबाने उंची १८९० आणि २१६० यायला हवी. दोन्हींत बरोबर ७४ पिक्सेल जास्त. दोन वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांत सारखाच फरक म्हणजे तो योगायोग नव्हे, वर काहीतरी पट्टी आहे. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी कॅमेऱ्यासाठी नॉच, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला खाच, येणार अशी कुणकुण लागली तेव्हा, ‘लॅपटॉपला नॉच कोण देईल’ म्हणून अनेकांनी ती उडवून लावली. १८ ऑक्टोबरला नॉच आला. वजाबाकी करण्यापुरता पुरावा महिनाभर समोर पडून होता.

कधी कधी वाट पाहणाऱ्यांचं ऐकलंही जातं. २०१२ मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड लॅपटॉपचा सात ओळींचा जुना कीबोर्ड गेला आणि त्याचे भक्त हळहळत बसले. २०१५ मध्ये थिंकपॅडचे डिझाइन-प्रमुख डेव्हिड हिल यांनी जुन्या वळणाचा थिंकपॅड हवा का, असं जाहीर विचारलं, सर्वेक्षणंही घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त थिंकपॅड २५ निघाला, सात ओळींसकट. पण आत सातव्या पिढीचा दोन कोअरचा प्रोसेसर, आणि त्याच सुमारास आठव्या पिढीचे चार कोअरचे बाजारात यायला लागलेले. कीबोर्डसाठी पाच वर्षं थांबलेल्यांना तो मिळाला, आणि सोबत मागच्या पिढीची चिप.

जे आलेच नाहीत त्यांची यादी वेगळी. ऑक्टोबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन पडद्यांचा सरफेस निओ दाखवला, २०२० च्या अखेरीस येईल म्हणून सांगितलं, आणि मग त्याचं नावच निघेनासं झालं. गरीब देशांतल्या मुलांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये जगाला दाखवला, हाताने फिरवून चार्ज करायच्या दांड्यासह. २००७ अखेर तो मुलांच्या हातात पडला तेव्हा दांडा गेला होता आणि किंमत दोनशे डॉलरच्या जवळ पोहोचली होती. पण हा निदान आला तरी.

क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन एक्स एलिट चिप ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली. ती बसवलेले लॅपटॉप १८ जून २०२४ ला मिळू लागले. आठ महिने आधी बोलायला क्वालकॉमला भीती कसली? विंडोज लॅपटॉपांच्या बाजारात तिचा खपच नगण्य होता, गमावण्यासारखं काही नव्हतं. या वेळी यंत्रं तारखेला आली. त्यांचं मोठं आकर्षण म्हणून मे महिन्यात दाखवलेली ‘रिकॉल’ सुविधा मात्र आली नाही. पडद्यावर काय काय पाहिलं ते ती टिपून ठेवणार होती. सुरक्षेच्या आक्षेपांमुळे विक्रीच्या तोंडावर ती मागे घेतली गेली आणि सर्वसामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचायला एप्रिल २०२५ उजाडला. ज्यांनी पहिल्याच दिवशी लॅपटॉप घेतला, ते तो घेऊनही दहा महिने वाट पाहत होते.